कंपनीचा निधी संस्थेला कितीला पडतो?

कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठी दिलेला पैसा, फुकट येत नाही. तो मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही संस्थेच्या खिशातून पैसे जात राहतात. तालुक्याच्या गावातल्या लहान संस्था हा हिशेब सहसा आधी मांडत नाहीत. मग वर्षअखेरीस कंपनीच्या अहवालात छान फोटो असतो आणि संस्थेच्या ताळेबंदात तूट.

आधी कोणाकडे जायचं ते ठरवा. आदल्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी गाठलं, तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार हे १ एप्रिल २०१४ पासून चालू आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही तेच कलम सांगतं. म्हणून मुंबईतल्या मुख्यालयाला मेल टाकण्याआधी जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या एचआर विभागात जाऊन या. एसटीच्या तिकिटात काम होतं.

कागदपत्रांचा खर्च वाटतो तितका मोठा नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकर खात्याचं १२ए आणि ८०जी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि सीएसआर निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, एवढं हवंच. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे. सीएसआर-१ अर्जाला विश्वस्ताची डिजिटल सही आणि सीए किंवा कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणन लागतं. पैसे जातात ते या दोन्हींवर. सीएची फी गावागणिक बदलते, तेव्हा दोन ठिकाणी विचारा. विश्वस्त बदलले असूनही धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज दाखल केला नसेल, तर आधी ते निस्तरा, नाहीतर कंपनीची छाननी तिथेच अडकते. कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो. संस्था गेल्या वर्षीच काढली असेल, तर यावर आत्ता खर्च करू नका. आणि ‘दहा टक्के द्या, सीएसआर मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

खरा खड्डा अंदाजपत्रकात असतो. समजा, पाच शाळांत वाचनालयं उभी करायची आहेत. पुस्तकं आणि कपाटं ५,००,००० रुपये. समन्वयकाचं मानधन महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. प्रवास ३६,०००, अर्धवेळ हिशेबनीस ४८,०००, अहवाल आणि सीएचं उपयोगिता प्रमाणपत्र १५,०००. एकूण ७,७९,०००. पण ‘प्रशासकीय खर्च पाचच टक्के चालतो’ हे कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून संस्था ५,२५,००० चा प्रस्ताव देते आणि उरलेले २,५४,००० स्वतःच्या गंगाजळीतून घालते.

ही पाच टक्क्यांची मर्यादा संस्थेवर नाहीच. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च नियमांच्या व्याख्येनेच त्यातून वगळला आहे. समन्वयकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. प्रस्तावात तो ‘प्रशासन’ या मथळ्याखाली न टाकता कामाच्या नावाने दाखवा. तरीही कंपनीचा अधिकारी तो कापायला निघाला, तर नियमाची प्रत समोर ठेवा. एवढं करूनही ऐकलं नाही, तर पाचाऐवजी तीन शाळा घ्या. पगार कापून पाच शाळा करू नका.

हप्त्यांचाही विचार करा. शेवटचे २० टक्के उपयोगिता प्रमाणपत्रानंतर मिळणार असतील, तर वरच्या उदाहरणात १,५५,८०० रुपये काही महिने संस्थेलाच फिरवावे लागतील. तेवढी शिल्लक नसेल, तर शेवटचा हप्ता लहान करून मागा. मागितल्यावर बऱ्याचदा मिळतो, पण करारावर सही होण्याआधी.

महाराष्ट्रात १०० आणि २०० रुपयांचं मुद्रांक शुल्क ऑक्टोबर २०२४ मध्ये ५०० झालं, त्यामुळे करारासाठी आता ५०० चा मुद्रांक धरा. त्याहून महाग पडू शकते ती करारातली भाषा. कृतज्ञता म्हणून वाचनालयावर कंपनीचं नाव लावलं, तर देणगीवर जीएसटी लागत नाही, असं २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. पण करारात ‘कंपनीच्या उत्पादनांची प्रसिद्धी करणे’ अशी अट शिरली, की ती जाहिरातीची सेवा ठरू शकते. मग जीएसटीच्या कक्षेत येणाऱ्या संस्थेवर ७,७९,००० च्या १८ टक्के, म्हणजे १,४०,२२० रुपयांचा बोजा येऊ शकतो. कंपनीच्या वकिलाने पाठवलेला मसुदा सही करण्याआधी आपल्या सीएला दाखवा.