दहा हजार लुमेनची थाप

तालुक्याच्या पेठेतल्या त्या दुकानदाराचं नाव इथे लिहिणार नाही. लिहावंसं फार वाटतं. पण नाव लिहिलं की गोष्ट त्याची आणि माझी होऊन बसेल, आणि तसल्या बॅटऱ्यांची खोकी आमच्या भागात बहुतेक इलेक्ट्रिकच्या दुकानांत टांगलेली आहेत. वर लखलखीत अक्षरांत ‘१०,००० लुमेन’, त्याखाली ‘२ किलोमीटर फोकस’, कडेला गरुडाचं चित्र. किंमत नऊशे रुपये, घासाघीस करून.

रात्रीचं पाण्यावर का जावं लागतं, हे मी सांगत बसत नाही. ज्याला शेती आहे त्याला ते ठाऊक आहे. ज्याला नाही त्याने एखाद्या आवर्तनात आमच्या वस्तीवर येऊन बघावं. मालक पुण्याला कंपनीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून पाळी आली की बारं द्यायला मीच जाते. आमची वस्ती प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. चारीच्या तोंडापर्यंत जायचं तर पाटाच्या भरावावरूनच वाट आहे. एका अंगाला काठोकाठ पाणी, दुसऱ्या अंगाला दीड पुरुष उतार आणि त्याखाली ऊस. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, ओझरच्या बंधाऱ्यातून निघणारे हे पाटही त्याच जमान्यातले. भरावाची कड कुठे खचली, घुशींनी कुठे पोखरली, हे दिवसा चालणाऱ्याला पाठ असतं. रात्री गवत सगळं सारखं करून टाकतं. त्यात भरून चाललेल्या पाटाचा आवाज येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. पाणी खळखळत असतं तर निदान कानाने तरी अंतर राखता आलं असतं.

त्या रात्री आमचा नंबर एकच्या पुढे लागला होता. नवी बॅटरी आदल्या दिवशी लाल दिव्याचा हिरवा होईपर्यंत चार्ज केली होती. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे सगळा वाद त्यावरच झाला. सुरुवातीला काय तो उजेड! पलीकडच्या वस्तीवरच्या बाभळीचा शेंडा दिसत होता. पायापुढची जमीन मात्र दिसत नव्हती. झूमची बॅटरी, सगळा उजेड एका लहानशा चौकोनात गोळा होऊन लांब जाऊन पडणारा. काच मागे ओढून तो पसरवावा तर फिका पडत होता. मोरी ओलांडली आणि उजेड निळसर झाला, दोनदा लुकलुकला आणि गेला. एरवी चांदण्यांच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढंही दिसेना, कारण डोळे त्या झगझगाटाने दिपलेले. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मी होते तिथेच खाली बसले. पाणी कोणत्या अंगाला आहे ते हाताने चाचपून बघितलं आणि बसल्या-बसल्याच उलट्या बाजूला सरकले.

कनवटीला बटणांचा साधा मोबाइल होता. त्याच्या डोक्यावरच्या इवल्याशा दिव्यावर मी चारीपर्यंत गेले, बारं दिलं, पहाटे त्याच दिव्यावर परत आले. पाळी सोडली असती तर पुढच्या आवर्तनापर्यंत खोडव्याचं काय झालं असतं, हे दुकानदाराला माहीत असायचं कारण नाही. पण पुढे तो जे बोलला, तेही बोलायचं काही कारण नव्हतं.

“चार्जिंग नीट केलं नसेल तुम्ही, ताई.”

हिरवा दिवा लागेपर्यंत केलं, म्हटलं. तर म्हणाला, “मग जास्त झालं असेल. रात्रभर लावून ठेवलं की सेल बसतो.” म्हणजे कमी केलं तरी दोष माझा, जास्त केलं तरी माझाच. मग त्याने बॅटरी दहा मिनिटं लावली आणि भिंतीवर मारून दाखवली, “हे बघा, केवढा फोकस!” सकाळी अकरा वाजता, दुकानात, पाच सेकंद. मी पुढे काही विचारायला लागले तर माझ्याकडे बघणं सोडून बरोबरच्या पुतण्याला समजवायला लागला. पुतण्या सातवीत आहे. शेवटी म्हणाला, “ताई, तुम्हाला नाही कळायचं ते. दादांना पाठवा.”

बारावी सायन्स झालेली बाई आहे मी. घरी येऊन बॅटरीचं बूड फिरवून सेल बाहेर काढला. वर छापलेलं: १८६५०, ३.७ व्होल्ट, ९९०० एमएएच. तो घेऊन स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराकडे गेले. तो बघूनच हसला. १८६५० म्हणजे अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब. एवढ्या मापात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीलाही साडेतीन हजार एमएएचच्या फार पुढे जाता येत नाही, म्हणाला. त्याच्याकडे क्षमता मोजणारा चार्जर होता, त्याला लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी आकडा आला ६४०.

तरी मला खरं पटलं ते सराफाच्या काट्यावर. पोराने जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला एक अस्सल सेल दिला होता, त्याच मापाचा. दोन्ही घेऊन ओळखीच्या सराफाकडे गेले. सराफ सवयीने म्हणाले, “मोडायचंय का?” अस्सल भरला सेहेचाळीस ग्रॅम. माझा सत्तावीस. काट्याकडे बघत मी उभीच राहिले. सारखं माप, सारखा आकार, वर चकचकीत वेष्टण, आणि आत एकोणीस ग्रॅम माल नाहीच. मी कसंही चार्ज केलं असतं तरी जे नाही ते कुठून भरलं असतं? नऊशे रुपयांचा राग मला तेव्हा आला नाही. राग याचा आला की हा माणूस मला, भरल्या पाटाच्या कडेला चाचपडून आलेल्या बाईला, चार्जिंग कसं करावं हे शिकवत होता.

सराफांकडून दोन्ही वजनं चिठ्ठीवर लिहून घेतली आणि बाजारच्या दिवशी, दुकानात गर्दी असताना गेले. पैसे मिळाले. शंभर रुपये ‘वापरल्याचे’ म्हणून कापले, आणि वर ऐकवलं की तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांमुळे धंदा करणं अवघड झालंय. पक्कं बिल घेताना मीच हट्ट धरला होता म्हणून एवढं तरी झालं.

आता ज्यांना अशी वस्तू घ्यायची आहे त्यांच्यासाठी. खोक्यावरचा लुमेनचा आकडा वाचूच नका, निदान हजाराच्या पुढचा तर नाहीच. हिशेब सोपा आहे. अस्सल २६०० एमएएचचा एक सेल म्हणजे साधारण साडेनऊ वॉट-तास. चांगली एलईडी एका वॉटमागे शंभर ते दीडशे लुमेन देते. दहा हजार लुमेन हवे तर वॉटमागे शंभरच्या हिशेबाने शंभर वॉट लागतील, म्हणजे तो सेल सहा मिनिटंही पुरणार नाही आणि बॅटरी हातात धरवणार नाही इतकी तापेल. पाटाच्या रस्त्याने चालायला खरे शंभर लुमेन पुष्कळ झाले. सायकलवर असाल तर दोनशे ते चारशे. सेल हातात घेऊन बघा. या मापाचा पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास नसेल तर ठेवून द्या. लिथियमच्या सेलवर आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक असायला हवा. आणि संशय आला म्हणून सेल कापून बघू नका, लिथियम पेट घेतं.

काही खोक्यांवर ‘एफएल १’ असं लिहिलेलं सापडेल. हे त्यातल्या त्यात मोजून लिहिलेले आकडे असतात, पण तेही वाचायला शिकावे लागतात. त्यात २०० मीटर पल्ला म्हणजे दोनशे मीटरवर पुनवेच्या चांदण्याइतका उजेड, पाव लक्स. तेवढ्यात साप आणि काठी यातला फरक कळत नाही. निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो, म्हणून पल्ला निम्मा धरून चाला. आणि ‘८ तास’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे आठ तास. बारं संपायच्या वेळी तुमच्या हातात तो दहावा हिस्सा असणार.

पाटासाठी लांब फोकस नको, पसरट उजेड हवा. कड पायापासून दोन हातांवर असते, दोन किलोमीटरवर नाही. झूमवाली तर घेऊच नका, मग कोणी काहीही सांगो.

डोक्याला बांधायची बॅटरी हात मोकळे ठेवते, दारं मोडताना आणि बांधताना तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण चालताना ती फसवते. उजेड डोळ्यांच्या जवळून निघाला की खड्ड्याची, ढेकळाची, वेटोळ्याची सावली आपल्याला दिसत नाही, सगळी जमीन सपाट वाटते. तीच बॅटरी काढून कमरेच्या खाली, मांडीजवळ धरा आणि उजेड जमिनीवर आडवा पडू द्या. प्रत्येक खड्डा काळा उठून दिसतो. घोणस भरावावर पडून असली तर सळसळत दूर जाईल या भरवशावर राहू नये, ती हलतच नाही. तिची सावलीच आधी दिसते. हिवाळ्यात पाटावर धुकं धरतं, तेव्हाही डोक्यावरचा दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो. पावसाळ्यात त्याच दिव्यावर पाखरं येतात आणि थेट डोळ्यांत, नाकात. म्हणून मी दोन्ही नेते. चालताना हातातली, कामाला डोक्यावरची, आणि एकीचा जीव गेला तर दुसरी आहे.

बटण दाबत जावं तसं मोठा, मध्यम, लहान, लुकलुक, एसओएस असं चक्र असलेली नको. पाटावर कोणाला एसओएस पाठवायचाय? मंद उजेडावर सुरू होणारी किंवा शेवटचा लक्षात ठेवणारी बघा. मनगटाला दोरी बांधा, भरल्या पाटात पडलेली बॅटरी कोणाला सापडत नाही. पिशवीत ठेवताना बूड पाव फेरा सैल करून ठेवा, म्हणजे आपोआप लागून रिकामी होत नाही. बऱ्याच बॅटऱ्यांत हे चालतं, घेतानाच करून बघा. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायची चाचणी, आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे. पण चार्जिंगच्या भोकाचं रबर उघडं राहिलं की कोणताही आकडा उपयोगाचा नाही. आणि पेन्सिल सेलवर चालणारी एखादी साधी बॅटरी घरात असू द्या. वस्तीवर लाइट दोन दिवस नसते तेव्हा किराणा दुकान असतंच.

बिबट्याचं विचारतात सगळे. उसाच्या पट्ट्यात तो आहे. बॅटरी हे हत्यार नाही, दुकानदार काहीही म्हणोत. उजेडात त्याचे डोळे लांबून चमकतात, तेवढं आधी कळतं. बाकी एकट्याने जाऊ नये, मोबाइलवर गाणी लावावीत, वाकून काम करताना कोणीतरी जवळ उभं असावं. हे वनखात्यानेही सांगितलेलं आहे आणि ते मला दर वेळी जमत नाही.

मुलगी दहावीला आहे, पहाटेच्या क्लासला पाटाच्या रस्त्याने सायकलवर जाते. त्याच पेठेत सायकलसाठी म्हणून जे मिळतं ते बहुतेक नुसतं लुकलुकणारं असतं. ते समोरच्याला आपण दिसावं म्हणून असतं, आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नाही. पुढे स्थिर दिवा हवा, हँडलवर घट्ट, तोंड थोडं खाली. वर केला तर समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे डोळे दिपतात आणि पाटावर त्याला बाजू द्यायला जागा नसते. मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही, कारण दिवा विझतो, रिफ्लेक्टर विझत नाही. पेडलवर चमकणारी पट्टी चिकटवा, वर-खाली होते म्हणून लांबून ओळखू येते. सासऱ्यांच्या सायकलीला सहा व्होल्टचा डायनॅमो होता. त्याला चार्जिंग लागत नसे, पण चाक थांबलं की अंधार, आणि टायर ओला झाला की तो घसरायचा. तरी त्याने कधी दहा हजारांची थाप मारली नाही.

दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फी नाही. ऑनलाइन घेतलं असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी लागते, महिन्याभरात निकाल. बिल मात्र हवं. ‘बिलाचं काय करता ताई, आम्ही कुठे पळून चाललोय’ असं जो म्हणेल, त्याच्याकडे तर हवंच.

सध्या माझ्याकडे एकाच १८६५० सेलची, साडेतीनशे लुमेनची बॅटरी आहे, सेल त्या दुरुस्तीवाल्या पोराने निवडून दिलेला. तिच्या उजेडात बाभळीचा शेंडा दिसत नाही. भरावाची कड दिसते. त्या रात्री “बायकांनी कशाला जायचं पाण्यावर” म्हणणारे आमचे चुलत दीर हल्ली हीच बॅटरी मागायला येतात, आणि परत देतात ती नेहमी रिकामी.