मोडाचं फडकं वेगळं ठेवा

पोरींनो, सोलापूरजवळच्या आपल्या कुंभारीत ओलं फडकं कसं सांभाळायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरं, ती विडी कामगार बायकांची. विडीचं पान भिजवून फडक्यात गुंडाळायचं. ओल जास्त राहिली तर पान कुजतं, कमी पडली तर कापताना चिरतं. मोड आणायला बांधलेल्या मटकीचंही तसंच असतं. पण विडीचं आणि मोडाचं फडकं कधी एक होऊ देऊ नका. मोडाचं फडकं सुती, स्वच्छ, उन्हात वाळवलेलं आणि फक्त मोडासाठीच. तंबाखूचा हात साबणानं धुतल्याशिवाय भिजल्या मटकीत घालायचा नाही.

मटकी नव्या हंगामाची घ्या. जुनाट किंवा किडकी मटकी निम्मी फुगते आणि निम्मी सडते. पेरणीतून उरलेलं बियाणं तर चुकूनही घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. धुऊन ते जात नाही.

सकाळी निवडून, धुऊन तिप्पट पाण्यात भिजत घाला. संध्याकाळी वर तरंगलेले दाणे काढून टाका. मग चिमूटभर मटकी बोटांत चोळून बघा. फुगलेला दाणा मऊ लागतो, गणंग खड्यासारखा टणक राहतो. गणंग इथंच वेचून टाका, नाहीतर उसळीत दाताखाली येतो. भिजवलेलं पाणी ओतून द्या, मटकी दोन-तीन पाण्यांनी धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्या आणि मगच बांधा. गाठोडं सैल असावं, दाण्याला वारा लागला पाहिजे. घट्ट पिशवीत कोंडलं की मोड येण्याआधी बुळबुळीतपणा येतो.

आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मटकी सहा-सात तासच भिजवा. गाठोडं माठाशेजारी ठेवा आणि मधे एकदा सोडून गार पाण्यानं धुऊन परत बांधा. हे आळसानं टाळलं की आंबूस वास आलाच म्हणून समजा. थंडीत कोमट पाण्यात भिजवा आणि गाठोडं झाकणाच्या डब्यात, चुलीच्या उबेला ठेवा. हुलग्याला घाई चालत नाही, त्याला मटकीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. मोड दाण्याएवढा झाला की पुरे. लांबलचक मोड दिसायला छान, पण उसळीत त्याचा लगदा होतो.

वैशाखात भाजी महाग होते, तेव्हा मोडाचं मोल कळतं. पहिल्या महायुद्धात कुत शहराच्या वेढ्यात अडकलेल्या हिंदी शिपायांना ताज्या भाजीवाचून स्कर्व्ही हा रोग झाला होता. पुढं 1919 साली लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या हॅरिएट चिक आणि मेरियन डेल्फ या दोघींनी दाखवून दिलं, की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही आवरण्याची ताकद जवळजवळ नसते, मोड आले की ती येते. मोडात क जीवनसत्त्व तयार होतं. ते फार शिजवल्यानं आणि सोड्यानं जातं, म्हणून उसळ शिजवून शिजवून काळी करू नका, सोडाही घालू नका. दाणा बोटानं दाबला जाईल इतपत वाफ द्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर वाढा.

कच्चे मोड खायचं खूळ मात्र मला पटत नाही. ऊब आणि ओल मोडाला लागते, तीच जंतूलाही लागते. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून असा जंतू पसरला, की 50 हून जास्त माणसं दगावली. तेव्हा घरात गरोदर बाई, लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल तर वाफवूनच द्या. उरलेले मोड फडक्यावर कोरडे करून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. वास बदलला की टाकून द्या, जीव हळहळला तरी.

आणि ज्वारीला मोड आणून कच्ची खायला जाऊ नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात हे आपल्याकडं शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. त्या कोंबात पोटात गेल्यावर सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. मोड मटकीला, मुगाला, हुलग्याला आणा. ज्वारीची भाकरीच बरी.