परगावचा प्रेक्षक

चैत्र-वैशाख आला, की शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील गावोगावी यात्रा भरू लागतात. देवाची पालखी निघते, छबिना होतो आणि पुढे कुस्त्यांचा आखाडा भरतो. हलगीचा कडकडाट कानी पडताच माणसे लाल मातीभोवती दाटीने बसतात. त्यांत केवळ यजमान गावचेच लोक नसतात. आपल्या गावचा मल्ल परगावी कुस्ती खेळणार असे कळले, की त्याच्या मागोमाग त्याचे गावकरीही निघतात. पूर्वी ते बैलगाड्या जुंपून निघत, आता मोटारसायकलींवरून व जीपगाड्यांतून जातात. आपला माणूस परक्या आखाड्यात एकटा पडू नये, एवढीच त्यांची इच्छा असते.

या आखाड्यांत एक सुंदर रीत आहे. कुस्ती निकाली झाली, की विजयी मल्ल आखाड्याभोवती फेरी मारतो आणि प्रेक्षक खुषीने त्याच्या हातावर पैसे ठेवतात. जाणता प्रेक्षक त्या वेळी मल्लाचे गाव विचारीत नाही. ज्या गावचा मल्ल चीत झाला, त्या गावच्या माणसाचा हातही खिशाकडे जातो. परगावी गेलेल्या प्रेक्षकाने कसे वागावे, हे या एका रीतीत सांगून टाकले आहे.

जसजशी प्रवासाची साधने वाढली, तसतसा प्रेक्षकांचा पल्लाही वाढला. शिरूरजवळून वाहणारी घोडनदी पुढे भीमेला मिळते आणि त्या भीमेच्या काठी दौंड वसले आहे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यापासून दौंड हे मोठे जंक्शन बनले. अशा लोहमार्गांनी दूरदूरची गावे एकमेकांना जोडली आणि खेळ पाहण्यासाठी दूरचा प्रवास करणे सामान्य माणसालाही शक्य झाले. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास आय. एफ. ए. शील्डचा अंतिम सामना झाला. त्या दिवशी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीच्या संघावर २-१ अशी मात केली. हा सामना पाहण्यासाठी लोक दूरदूरच्या गावांहून आगगाड्यांनी आणि आगबोटींनी आले होते. गर्दीमुळे ज्यांना मैदान दिसत नव्हते, त्यांना पतंग उडवून गोलसंख्या कळवली जात होती!

पुढे विमाने आली आणि प्रेक्षक देशाच्या सीमा ओलांडू लागला. आज युरोपात एका देशाचा संघ दुसऱ्या देशात खेळावयास निघाला, की त्याचे हजारो चाहते त्याच्याबरोबर जातात. तेथील क्लबांच्या स्पर्धांत पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी शेकडा किमान ५ जागा राखून ठेवण्याचा नियम आहे. म्हणजे ५०,००० आसनांच्या मैदानात पाहुण्यांना २,५०० जागा मिळतात. बाकीचे सारे मैदान यजमानांचे! तरीही त्या लहानशा कोपऱ्यातून उठणारा आवाज आपल्या खेळाडूंना धीर देतो.

हा धीर किती मोलाचा असतो, हे १९६२ सालच्या एका घटनेवरून समजेल. त्या वर्षी जकार्ता येथे चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश दिला नाही. याला भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली. त्यामुळे तेथील लोक भारतावर संतापले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. अशा वातावरणात ४ सप्टेंबर रोजी भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात फुटबॉलचा अंतिम सामना झाला.

मैदानात सुमारे १,००,००० प्रेक्षक होते आणि त्यांतील बहुतेक सारे भारताच्या विरुद्ध आरडाओरडा करीत होते. चुनी गोस्वामी हे भारताचे कर्णधार होते. जर्नेलसिंग यांच्या डोक्याला आधीच्या सामन्यात जखम होऊन टाके पडले होते. एरवी ते बचावफळीत खेळत, पण प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना आघाडीवर धाडले. रहीम स्वतः कर्करोगाने आजारी होते. प्रथम पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला, मग जखमी डोक्याच्या जर्नेलसिंगांनी दुसरा. अखेरीस कोरियाने एक गोल फेडला, परंतु भारताने सामना २-१ असा जिंकला आणि सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, रहीम यांचे निधन झाले.

त्या कोलाहलात भारतासाठी टाळ्या वाजवणारे कोण होते, ठाऊक आहे? पाकिस्तानच्या हॉकीसंघातील खेळाडू! त्याच स्पर्धेत हॉकीचे सुवर्णपदक पाकिस्तानने भारताला हरवून पटकावले होते. तरीही परक्या मुलुखात एकाकी पडलेल्या शेजाऱ्यांना त्यांनी प्रोत्साहन दिले. भारताचे खेळाडू पुढे अनेक वर्षे ही आठवण आवर्जून सांगत असत.

प्रेक्षकाचे प्रेम आंधळे झाले, तर मात्र अनर्थ ओढवतो. २९ मे १९८५ रोजी बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरी इंग्लंडचा लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस या संघांत युरोपीय चषकाचा अंतिम सामना व्हावयाचा होता. सामन्यापूर्वीच लिव्हरपूलच्या काही प्रेक्षकांनी शेजारच्या प्रेक्षकांवर चाल केली. घाबरलेले लोक मागे सरले, चेंगराचेंगरी झाली आणि एक जुनी भिंत कोसळली. ३९ माणसे प्राणास मुकली. त्यांतील बहुतेक आपल्या संघाचा खेळ पाहण्यासाठी इटलीहून आलेली होती. त्यानंतर इंग्लंडच्या सर्व क्लबांना ५ वर्षे युरोपीय स्पर्धांत खेळण्यास बंदी झाली. दोष काही थोड्यांचा, पण लज्जेने मान मात्र साऱ्या देशाला खाली घालावी लागली.

याच्या उलट उदाहरण जपानी प्रेक्षकांचे आहे. १९९८ मध्ये फ्रान्सला भरलेल्या विश्वचषकापासून ते सामना संपल्यावर आपल्या भोवतालचा कचरा स्वतः गोळा करीत आले आहेत. २ जुलै २०१८ रोजी रशियात जपानचा संघ बेल्जियमविरुद्ध २ गोलांनी पुढे असूनही अखेर २-३ असा हरला. प्रेक्षकांच्या डोळ्यांत अश्रू होते, तरीही हातांत कचऱ्याच्या पिशव्या घेऊन ते बाके स्वच्छ करीत होते. पराभवाच्या दुःखातही आपण या घरी पाहुणे आहोत, याचा त्यांना विसर पडला नाही.

मुलांनो, यजमान होण्याची वेळ आपल्यावरही येते. १८ सप्टेंबर २०२३ रोजी पुण्याजवळ बालेवाडी येथे मुंबई सिटी आणि इराणचा नस्साजी माझंदरान हे संघ आशियाई क्लबस्पर्धेत एकमेकांविरुद्ध खेळले. पाहुण्यांनी तो सामना २-० असा जिंकला. दौंडहून आगगाडीने किंवा शिरूरहून एस. टी.ने निघालेल्या मुलाला पुण्यास पोहोचून परदेशचा संघ डोळ्यांनी पाहता यावा, इतके जग आता जवळ आले आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी पारपत्र आणि प्रवेशपत्र घेऊन आपल्या संघामागे परदेशीही जाईल. तेथे आपल्या संघासाठी मनसोक्त ओरडावे. त्यात गैर काहीच नाही. पण प्रतिस्पर्ध्याने उत्तम खेळ केला, तर त्याच्यासाठीही टाळी वाजवावी. तेथील लोक तुमचे नाव कदाचित विसरतील, परंतु तुमच्या वागण्यावरून तुमच्या देशाची पारख करतील.

शब्दार्थ
छबिना – देवाची रात्रीची मिरवणूक
निकाली – हारजीत स्पष्ट झालेली
वकिलात – परदेशातील आपल्या देशाचे कार्यालय
धुरीण – पुढारी
पारपत्र – परदेशी जाण्यासाठी सरकारने दिलेला परवाना, पासपोर्ट

स्वाध्याय
१. यात्रेच्या आखाड्यातील कोणती रीत लेखकाला सुंदर वाटते? का?
२. जकार्ता येथील सामन्यात भारतीय खेळाडूंपुढे कोणकोणत्या अडचणी होत्या?
३. ‘दोष काही थोड्यांचा, पण लज्जेने मान मात्र साऱ्या देशाला खाली घालावी लागली.’ हे वाक्य उदाहरणाने स्पष्ट करा.
४. तुमच्या शाळेचा संघ परगावी खेळावयास गेला आणि हरला, तर प्रेक्षक म्हणून तुम्ही कसे वागाल? आठ-दहा ओळी लिहा.