खुला व्यापार आणि किनवटचा कापूस

'खुला व्यापार' हा शब्द आपण अर्थशास्त्राच्या तासाला ऐकतो आणि हा लंडन-न्यूयॉर्कचा विषय आहे असे समजून वही मिटतो. वस्तुतः आपल्या किनवट तालुक्याला या प्रश्नाचा भरपूर अनुभव आहे.

रिकार्डोने 1817 साली असे मांडले की, प्रत्येक देशाने आपणास तुलनेने स्वस्त पडेल तेच उत्पन्न करावे व बाकीचे दुसऱ्याकडून घ्यावे; त्यात उभयतांचा लाभ आहे. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात बजावले की, अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना व सर्व काळी सारखेच लागू पडत नाहीत.

आपल्याच मुलखाचे पाहा. 1948 पर्यंत किनवट निजामाच्या राज्यात, तर पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड 1947 पर्यंत इंग्रजी अमलात होता. निजाम सरकारची जकात वेगळी. तिला 'करोडगिरी' म्हणत. म्हणजे नदी ओलांडणे हीच आयात-निर्यात! 1956 साली किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडमध्ये आले. पुढे 1972 साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, आणि आदिलाबादला भाव चढा असला तरी तिकडे कापूस नेणे बेकायदेशीर ठरले. योजनेने शेतकऱ्याला हमी दिली, पण दारही लावून घेतले. ती मक्तेदारी पुढे संपली.

आता दाराची किल्ली दिल्लीत आहे. 2021 साली परदेशी कापसावर आयातशुल्क बसले. अधिभारासह ते 11 टक्के होते. 19 ऑगस्ट 2025 रोजी ते उठवले गेले, प्रथम 30 सप्टेंबरपर्यंत व नंतर 31 डिसेंबरपर्यंत. जूनमध्ये सरकी टोबताना शुल्क होते, वेचणीच्या वेळी नव्हते. लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये हमीभाव जाहीर होता हे खरे. पण सरकारी खरेदीपर्यंत थांबण्याची ऐपत नसणाऱ्याला खेड्यातल्या व्यापाऱ्याचाच भाव घ्यावा लागतो.

दुसरी बाजूही न्याय्य आहे. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लादले. स्वस्त रुई मिळाल्याखेरीज कापडगिरण्यांनी तग कसा धरावा? 1947 च्या गॅट करारामागे जी अमेरिका उभी होती, तिनेच असे पाऊल उचलावे हे विशेष. जागतिक व्यापार संघटना 1995 साली स्थापन झाली खरी, परंतु तिचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प झाले. त्यामुळे राष्ट्रे दोघा-दोघांत करार करू लागली आहेत. जुलै 2025 मधील भारत-ब्रिटन करार हे त्याचेच उदाहरण.

तेव्हा पूर्ण खुला व्यापार नजीकच्या काळात येईल असे मला वाटत नाही, आणि पूर्ण बंद दारही आपल्याला परवडणारे नाही. माझ्या मते खरा प्रश्न दार उघडे की बंद हा नसून, ते केव्हा उघडणार हे कोणाला आधी कळते, हा आहे. गिरणी आठवड्यात सौदा बदलू शकते. पेरलेले शेत बदलता येत नाही. म्हणून आयातशुल्काचा निर्णय पेरणीपूर्वी जाहीर व्हावा आणि वेचणी संपेपर्यंत तो बदलू नये. एवढे झाले तरी रिकार्डो आणि रानडे या दोघांचाही मान राखला जाईल, आणि आपल्या कास्तकाराचाही.