पेयजलातील औषधप्रतिरोधी जीवाणू : प्रसादन आणि क्वथन यांतील भेद

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४५ व्या, द्रवद्रव्यविधि अध्यायात जलशुद्धीचे दोन स्वतंत्र विचार आले आहेत. गढूळ पाण्याच्या प्रसादनासाठी निर्मळी, वस्त्र, मोती आदी सात साधने सांगितली आहेत. व्यापन्न, म्हणजे बिघडलेल्या जलासाठी मात्र अग्नीवर उकळणे, सूर्यतापात तापविणे किंवा त्यात तप्त लोहपिंड विझविणे हे उपाय दिले आहेत. पाठांतराच्या ओघात हा भेद आपल्या ध्यानी राहत नाही, आणि नितळ पाणी तेच निर्दोष पाणी अशी समजूत रुग्णांप्रमाणे वैद्यांमध्येही आढळते.

२०१० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवी दिल्लीत सार्वजनिक नळांच्या पाण्याचे ५० आणि रस्त्यावर पाझरलेल्या वा साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने घेण्यात आले. ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात २०११ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळाच्या २ व साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे जनुक आढळले. कार्बापेनेम वर्गातील राखीव प्रतिजैविकांनाही निष्प्रभ करणारे विकर या जनुकामुळे निर्माण होते. विशूचिका व प्रवाहिका उत्पन्न करणाऱ्या जीवाणूंतही ते मिळाले. जनुकाच्या नावातील ‘दिल्ली’वरून पुष्कळ वाद झाला, पाण्याविषयी त्या मानाने फारच थोडी चर्चा झाली.

पाकिस्तानातील सिंध प्रांताच्या हैदराबाद शहरात २०१६ च्या अखेरीस आंत्रिक ज्वराची (टायफॉइड) मोठी साथ सुरू झाली. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमोक्सॅझोल, फ्लुरोक्विनोलोन व सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या साऱ्यांना तेथील जीवाणू दाद देत नव्हता. मुखावाटे देण्याजोगे अ‍ॅझिथ्रोमायसिन तेवढे उपयोगी राहिले. पेयजलात मिसळणारे सांडपाणी हे प्रसाराचे प्रमुख कारण मानले गेले. जेथे पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते, तेथे रिकाम्या झालेल्या नळवाहिन्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढून घेतात. आपल्याकडील बहुतेक शहरांची स्थिती यापेक्षा वेगळी नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. औषधाला प्रतिरोध म्हणजे उष्णतेला प्रतिरोध नव्हे. प्रतिरोधी जीवाणूदेखील खळखळ उकळी आलेल्या पाण्यात इतर जीवाणूंप्रमाणेच नष्ट होतो. निर्मळी उगाळल्याने गाळ खाली बसतो व त्यासोबत काही जीवाणूही बसतात, परंतु सर्व नाहीत. ताम्रपात्राविषयी बंगळुरू येथील २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आश्वासक आहे. पण त्यात पाणी १६ तास भांड्यात ठेवले होते. बाटली भरून तासाभराने पिणाऱ्यास तो निष्कर्ष लागू करता येणार नाही.

उकळून थंड केलेले पाणी शिळे झाल्यास त्रिदोषकर होते, असे वाग्भटाचार्य सांगतात. उकळल्यावर पाण्यात क्लोरिन उरत नाही. बुडविलेला हात किंवा उघडा माठ त्याला पुन्हा दूषित करतो. म्हणून ते रोज उकळावे, झाकावे व ओगराळ्याने घ्यावे.

औषधनिर्मात्यांनी क्वाथाची फारशी चिंता करू नये. चिंता आहे ती अग्निसंस्कारानंतर वापरल्या जाणाऱ्या पाण्याची : वटी वळताना शिंपडलेले पाणी, धुतलेल्या बाटल्या, पुसलेले खल. हिमकल्पनेत तर पाण्याला अग्निस्पर्शच नाही. तेथे आधी उकळून थंड केलेलेच जल घ्यावे. शेड्यूल ‘टी’नुसार निर्मितीतील पाणी पिण्यायोग्य असले पाहिजे, आणि पेयजलाच्या भारतीय मानकानुसार १०० मि.लि. पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. तपासणीचा नमुना टाकीवरून नव्हे, तर प्रत्यक्ष वापराच्या नळावरून घ्यावा. या चाचणीतून प्रतिरोध कळत नाही. मळाचा संसर्ग कळतो, आणि पाणी नाकारण्यास तेवढे पुरे.

चिकित्सेत प्रतिजैविके लिहिणारे वैद्य आपल्यात अनेक आहेत, म्हणून हेही लिहितो. साध्या द्रवमल अतिसारात त्यांची गरज नसते. जलसंजीवनी, लघु आहार व दीपन-पाचन यांनी बहुतेक रुग्ण सावरतात. मलात रक्त, तीव्र ज्वर, मूत्राल्पता किंवा ग्लानी असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. आंत्रिक ज्वराची शंका आल्यास कल्चरसाठी रक्त प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वीच घ्यावे. कोणते औषध लागू पडेल हे विडाल चाचणी सांगत नाही.