लंकेच्या प्रवासाची तयारी

भारताच्या दक्षिण टोकाच्या आग्नेयेस, हिंदी महासागरात श्रीलंका नावाचे एक हिरवेगार बेट आहे. आपल्या किनाऱ्यावरील धनुष्कोडी आणि पलीकडील तलैमन्नार यांच्यामध्ये सुमारे ३० किलोमीटर समुद्र आहे. या बेटाचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक पंचमांश. प्राचीन काळी यास ताम्रपर्णी, सिंहलद्वीप अशी नावे होती. इंग्रजांच्या अमदानीत ते सिलोन म्हणून ओळखले जाई. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी हा देश स्वतंत्र झाला आणि १९७२ साली त्याने श्रीलंका हे नाव धारण केले.

या छोट्याशा बेटावर पाहावयास किती तरी आहे! दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप, प्रचंड तलाव, घनदाट अरण्ये, चहाचे मळे, किल्ले आणि नारळीच्या बनांनी शोभणारे समुद्रकिनारे. म्हणून दरवर्षी हजारो प्रवासी गटागटाने, मार्गदर्शकाच्या सोबतीने हा देश पाहावयास जातात. अशा सहलीत गाडी, मुक्काम आणि भोजन यांची व्यवस्था सहल नेणारे लोक करतात. त्यामुळे पुष्कळांना वाटते की, आपणांस आता काहीच करावयाचे नाही. पैसे भरले, पेटी बांधली, झाले! परंतु हा समज चुकीचा आहे. मार्गदर्शक वाट दाखवील, पण डोळे प्रवाशाचेच असावे लागतात.

पहिली तयारी नकाशापुढे बसून करावयाची असते. श्रीलंका उत्तर गोलार्धात ६ ते १० अंश अक्षांशांच्या दरम्यान आहे. विषुववृत्त इतके जवळ असल्यामुळे तेथे हिवाळा असा जाणवत नाही. दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ सारखीच असतात. बाराही महिने सायंकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो व संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. म्हणून तेथील सहलीचा दिवस पहाटे लवकर सुरू होतो. सकाळी उशिरा उठणारा प्रवासी दिवसाचा उत्तम भाग गमावतो आणि सोबतच्या मंडळींचाही खोळंबा करतो.

पाऊस कधी पडतो, हे ठाऊक असणे तर फारच अगत्याचे आहे. या लहान बेटावर दोन मोसमी वारे पाऊस आणतात. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य वारे पश्चिम व दक्षिण किनाऱ्यांवर आणि डोंगरांच्या पश्चिम उतारांवर जलधारा ओततात; त्या वेळी पूर्व किनारा बहुधा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य वारे उत्तर आणि पूर्व भागांत पाऊस पाडतात. तेव्हा पश्चिम व दक्षिण किनारे स्वच्छ असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर बहुतेक सर्वत्र मेघगर्जनेसह सरी येतात. याचे कारण मध्यभागी उभा असलेला पर्वत होय. आपल्या सह्याद्रीप्रमाणेच तो वाऱ्यास अडवितो. एका बाजूस पाऊस व दुसऱ्या बाजूस ऊन असा प्रकार होतो. हे न जाणता जो जुलै महिन्यात गॉलच्या किनाऱ्यावर पोहावयास जाईल, त्यास समुद्र खवळलेला आढळेल. अशा वेळी पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते.

नकाशाबरोबर दिनदर्शिकाही पाहावी. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेस 'पोया' म्हणतात आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. वैशाखी पौर्णिमेस बुद्धजयंतीचा मोठा उत्सव होतो, घरोघरी आकाशकंदील लागतात. ज्येष्ठातील पौर्णिमेस मिहिंतले येथे लाखो यात्रेकरू जमतात, कारण सम्राट अशोकाचा पुत्र महेंद्र याने तेथेच लंकेच्या राजास बुद्धाचा उपदेश सांगितला, अशी श्रद्धा आहे. पौर्णिमा कोणत्या दिवशी येते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही घरच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत सापडते.

यानंतर कागदपत्रे. परदेशी जाण्यास पारपत्र लागते. त्याची मुदत परतीनंतरही काही महिने उरलेली असावी. देशात प्रवेश करण्याची परवानगी आधी मिळवावी लागते. तिचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ते सरकारी कचेरीकडूनच समजून घ्यावेत, ऐकीव माहितीवर विसंबू नये. सर्व कागदांची एकेक प्रत निराळ्या पिशवीत ठेवावी. मुक्कामाचा पत्ता आणि सहल-प्रमुखाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मुलाच्या खिशात एका चिठ्ठीवर लिहिलेला असावा. गर्दीत चुकामूक झाली, तर ही चिठ्ठी मोठ्या पेटीहून अधिक मोलाची ठरते. घड्याळाचे काटे मात्र फिरवावे लागत नाहीत, कारण श्रीलंकेची वेळ भारतासारखीच आहे.

कपडे कोणते घ्यावेत? उष्ण व दमट हवेत सुती, सैल आणि फिकट रंगाचे कपडे सुखावह होतात. कोलंबो शहरात बाराही महिने उकाडा असतो. परंतु तेथूनच निघून डोंगर चढत नुवारा एलिया या गावी पोहोचले की, अंगात काकडा भरतो! हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,८७० मीटर उंचीवर आहे. दर एक हजार मीटर उंचीमागे हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, हे भूगोलात शिकलेले सूत्र येथे प्रत्यक्ष अनुभवास येते. म्हणून एक लोकरीचा सदरा पेटीत असावाच. त्याबरोबर छत्री, टोपी आणि सहज काढता-घालता येतील अशी पादत्राणे घ्यावीत. सामान मात्र इतकेच असावे की, ते ज्याचे त्यास उचलता येईल.

आरोग्याची काळजी घरापासूनच घ्यावी. निघण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा आणि नेहमीची औषधे बरोबर ठेवावीत. श्रीलंकेने मलेरियाविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो देश मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले. हे फार मोठे यश होय. तथापि डेंग्यूचा उपद्रव तेथे अद्याप आहे आणि तो पसरविणारा डास दिवसाही चावतो. यासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व डास पळविणारे मलम लावावे. सिंहराजासारख्या पर्जन्यवनात पावसाळी दिवसांत जळवा पायांवर चढतात. तेथे लांब पायमोजे उपयोगी पडतात. उन्हात घाम फार जातो, तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि ते उकळलेले किंवा बंद बाटलीतील असावे. जलसंजीवनीच्या पुड्याही जवळ असू द्याव्यात. रस्त्याच्या कडेस नारिंगी रंगाची शहाळी मिळतात. त्यांस तेथे 'थंबिली' म्हणतात. उन्हाने शिणलेल्या प्रवाशास याहून गोड स्वागत कोणते?

आता चार शब्दांची तयारी. श्रीलंकेत सिंहली आणि तमिळ या दोन राजभाषा आहेत. सिंहली मनुष्य हात जोडून 'आयुबोवन' म्हणतो. त्याचा अर्थ 'दीर्घायुषी व्हा'. त्या शब्दात आपला 'आयुष्य' शब्द लपलेला आहे. आभार मानण्यासाठी ते 'इस्तुती' म्हणतात. हा तर संस्कृत 'स्तुती'च! तमिळ मनुष्यास 'वणक्कम' म्हणून नमस्कार करावा व 'नन्री' म्हणून आभार मानावेत. पाहुण्याच्या तोंडून आपल्या भाषेतील एक जरी शब्द निघाला, तरी यजमानाची मुद्रा प्रसन्न होते.

पेटी भरली, कागद जमले, शब्द पाठ झाले, तरी सर्वांत मोठी तयारी उरतेच. आपण जे पाहणार, त्याविषयी आधी काही वाचणे, ही ती तयारी होय. अनुराधपूर येथे कठड्याआड जपलेला एक पिंपळ आहे. ज्यास काही ठाऊक नाही, तो म्हणेल, 'असे पिंपळ आमच्या गावी पुष्कळ आहेत!' परंतु ज्याने वाचले आहे, त्यास माहीत असते की, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशोककन्या संघमित्रा हिने बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी येथे आणली व तीच लावली गेली, असे सिंहली इतिहासग्रंथ सांगतात. त्या झाडाची शतकानुशतके अखंड राखण होत आली आहे. दोघेही एकच झाड पाहतात. पण एकास पाने दिसतात आणि दुसऱ्यास बावीस शतके दिसतात.

सिगिरियाचेही तसेच. सपाट अरण्यातून सुमारे दोनशे मीटर उंच उठलेला तो एक प्रचंड खडक आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जाण्यास सुमारे बाराशे पायऱ्या आहेत. वाटेत खडकाच्या कपारीत स्त्रियांची सुंदर चित्रे रंगविलेली आहेत. अजिंठ्याची लेणी पाहिलेल्या महाराष्ट्रीय प्रवाशास ती पाहून आपल्या घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते. आज त्यांपैकी जेमतेम वीस-बावीसच शिल्लक आहेत. १९६७ साली काही अविचारी लोकांनी त्यांवर रंग फासला. तज्ज्ञांनी मोठ्या कष्टाने तो काढला. तथापि जे कायमचे गेले, ते परत येऊ शकले नाही.

चित्रांच्या खालच्या बाजूस एक भिंत आहे. एके काळी ती इतकी गुळगुळीत होती की, तीत प्रतिबिंब दिसे. म्हणून तिला आरसेभिंत म्हणतात. आठव्या ते दहाव्या शतकांतील प्रवाशांनी ही चित्रे पाहून तीवर कविता कोरून ठेविल्या. सेनरत परणवितान या विद्वानाने त्यांतील ६८५ कविता वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. सिंहली काव्याचे ते अमोल धन होय. येथे एखादा चतुर मुलगा विचारील, 'पूर्वीच्या लोकांनी लिहिले, तर आम्ही नाव कोरले म्हणून काय बिघडले?' प्रश्न रास्त आहे आणि त्यास उत्तरही आहे. भिंत एकच आहे. त्या अक्षरांवर आज कोणी नवे नाव कोरले, तर बाराशे वर्षे टिकलेली एखादी कविता एका क्षणात पुसली जाईल. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील एका खांबावर १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेले आपले नाव अजूनही दिसते. चित्र घडविण्यास कलावंताची साधना लागते. ते बिघडविण्यास एक खिळा पुरतो. म्हणून सिगिरियाला हात खिशात ठेवून पाहावे, चित्रांपाशी छायाचित्र घेऊ नये आणि मोठ्याने बोलू नये. त्या कड्यावर आग्या मधमाश्यांची मोठमोठी पोळी आहेत. गोंगाटाने त्या चवताळतात. मौन पाळा, अशा सूचना तेथे लावलेल्या आहेत, त्या उगाच नव्हेत.

देवस्थानात जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. पादत्राणे आणि टोपी बाहेर काढून ठेवावी. कँडीच्या दंतमंदिरात भाविक पांढरी वस्त्रे नेसून, हाती कमळे घेऊन येतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून आपले छायाचित्र काढून घेणे तेथे मूर्तीचा अपमान समजतात. एखाद्याच्या मनात वाईट हेतू नसेल. पण अज्ञानानेही दुसऱ्याचे मन दुखावतेच.

माणसांविषयीही थोडे जाणून जावे. या देशात १९८३ पासून २००९ पर्यंत यादवी युद्ध झाले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी त्याचे किनारे उद्ध्वस्त केले. अनेक घरांतील दुःख अजून ओले आहे. पाहुण्याने अशा गोष्टींची खोदून चौकशी करू नये. कोणी आपण होऊन सांगितले, तर शांतपणे ऐकून घ्यावे. डोंगरावर चहाची कोवळी पाने खुडणाऱ्या तमिळ स्त्रिया दिसतात. इंग्रजांच्या काळात त्यांचे पूर्वज दक्षिण भारतातून मजुरीसाठी तेथे गेले. स्वातंत्र्यानंतर त्यांतील बहुतेकांस नागरिकत्व नाकारले गेले. १९६४ च्या करारानंतर अनेक कुटुंबे भारतात परतली. उरलेल्यांस नागरिकत्वाचा पूर्ण हक्क २००३ च्या कायद्याने मिळाला. हे ज्यास ठाऊक आहे, तो त्या स्त्रियांचे छायाचित्र काढण्यापूर्वी त्यांची अनुमती विचारील आणि चहाचा पेला हाती घेताना त्यांचे श्रम आठवील.

शेवटी गटाची शिस्त. ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहावे. मार्गदर्शक बोलत असता मध्येच बोलू नये. शंका वहीत टिपून ठेवावी व त्याचे सांगणे संपल्यावर विचारावी. वाचून आलेल्या प्रवाशाने विचारलेला एक चांगला प्रश्न ऐकला की, मार्गदर्शकासही हुरूप येतो व तो रोजच्या सांगण्यापलीकडचे काही सांगू लागतो. त्याचा लाभ सगळ्या गटास होतो. चाळीस जणांच्या गाडीत एकाची तयारी अशी चाळीस जणांच्या उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाऊस असतो, तेव्हा पश्चिम किनारा कोरडा का असतो?
२. कोलंबोहून नुवारा एलियास जाणाऱ्या प्रवाशाने लोकरीचा सदरा का न्यावा?
३. 'दोघेही एकच झाड पाहतात; पण एकास पाने दिसतात आणि दुसऱ्यास बावीस शतके दिसतात.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. आरसेभिंतीवर नाव कोरणे अयोग्य का, हे आपल्या शब्दांत सांगा.
५. आपल्या गावाजवळचे एखादे प्राचीन स्थळ पाहावयास परदेशी पाहुणे येणार आहेत. त्यांनी कोणती तयारी करून यावे, याविषयी दहा ओळी लिहा.