वांग आणि पांढरे मलम

ऊन तापू लागले की वांगाचे रुग्ण वाढतात. गेल्या आठवड्यात एक शिक्षिका आल्या. गरोदरपणात गालांवर उठलेले वांग अजून गेले नव्हते. पर्समधून ट्यूब काढून म्हणाल्या, "डॉक्टर, यात जस्त आहे म्हणे. रक्तात भिनेल का? बाळ अजून अंगावर पिते."

शंका रास्त आहे. अशा मलमात झिंक ऑक्साइड किंवा टिटॅनियम डायऑक्साइडची अतिशय बारीक पूड असते. लंगोटाने बाळाला पुरळ उठते, त्यावर लावायच्या मलमातही बहुधा झिंक ऑक्साइडच असते. ही पूड कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरातच राहते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ च्या प्रस्तावात उन्हाच्या मलमांतील हे दोनच घटक सुरक्षित व परिणामकारक धरले. इतर काही रसायने रक्तात उतरलेली आढळली. त्यामुळे ती घातक ठरत नाहीत, त्यांची अधिक तपासणी हवी एवढेच. फवारा मात्र टाळावा, पूड श्वासाबरोबर छातीत जाऊ नये.

"ट्यूब कधी घेतलीत?" मी विचारले.

"दिवाळीत."

म्हणजे चार-पाच महिने झाले आणि ट्यूब अर्धीही संपली नव्हती! चेहरा पांढराफटक दिसतो म्हणून बाई हरभऱ्याएवढे लावत. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात. वेष्टनावरचा 'एसपीएफ ३०' तेवढे लावले तरच खरा. घाम पुसला की पुन्हा लावायचे, एरवी दर दोन तासांनी.

वांगाचे आणखी एक दुखणे आहे. आपल्या सावळ्या कातडीत ते डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होते आणि नुसते पांढरे मलम तिथे कमी पडते. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेले, गव्हाळ रंगाचे मलम घ्यावे. चेहरा पांढरा दिसत नाही, हा वरचा फायदा. पूर्वी मीही वांगाला कॅलामाइन लिहून देत असे. ते उन्हासाठी नव्हेच.

ही मलमे स्वस्त नाहीत. वांग, कोड किंवा उन्हाची ॲलर्जी नसेल तर शेतात राबणाऱ्याला लांब बाह्या आणि डोईवरचा पदर, टोपी बरी.

निघताना बाईंनी संकोचत दुसरी ट्यूब दाखवली. शेजारणीच्या सांगण्यावरून 'गोरे होण्यासाठी' त्या ती रोज रात्री लावत. आत स्टिरॉइड होते. त्याने कातडी पातळ होते, ऊन अधिकच बाधते. ती हळूहळू कशी बंद करायची ते मी आधी लिहून दिले. पांढऱ्या मलमाचे त्याखाली.